डब्याचं बूड

“साहेब, डबा घ्यायचाय की पत्रिका जुळवायचीय?”

पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका दुकानदाराने परवा मला भर दुकानात हे विचारलं. दुकान बायकांनी गच्च भरलेलं. सगळ्या हसल्या. एकीने तर हसू लपवायला हातातली चाळणी तोंडासमोर धरली. चाळणीतून हसू काही लपत नाही. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्या माणसाला देत असलेली उत्तरं रोज अधिकाधिक धारदार होत आहेत. पण ती ऐकवायची तर रविवार पेठेत पुन्हा गाडी लावायला जागा शोधावी लागेल, आणि तेवढा मोठा अपमान काही झालेला नाही.

प्रकरण एवढंच, की घरातले जुने डबे हळदीने पिवळे पडले होते. हळदीचा रंग तेलात उतरतो, तेल प्लॅस्टिकमध्ये मुरतं, मग घासा, लिंबू चोळा, उन्हात ठेवा, डब्याची कावीळ पूर्ण काही बरी होत नाही. हिने फर्मान काढलं: “सगळे बदलायचे. फूड ग्रेडच आण. आणि बुडाशी त्रिकोणात पाच नंबर असेल तोच.” म्हणून मी डबे उलटे करून बघत होतो. तो त्रिकोण डब्याच्याच रंगात, साच्यातच उठवलेला असतो आणि किमतीचं स्टिकर नेमकं त्याच्यावर चिकटवलेलं असतं. मी नखाने स्टिकर खरवडायला लागलो.

“काढू नका हो ते! मग भाव कोण सांगणार?”

“तुम्ही.”

“मला काय पाठ आहेत?”

इथे काकांचा प्रवेश झाला. अर्ध्या बाह्यांचा सफारी, खिशाला पेन, हातात रिकामी कापडी पिशवी. त्यांना काहीही विकत घ्यायचं नव्हतं. काकू समोरच्या दुकानात होत्या, आणि हे सावलीसाठी आत आले होते. अशा माणसांकडे वेळ फार असतो.

“काय शोधताय?”

“नंबर. प्लॅस्टिकचा. पाच.”

“पाच? अहो, एक नंबर घ्या की! रोख पैसे मोजून पाच नंबरचा माल कशाला नेताय?”

मी समजावून सांगितलं. एक म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. कुरमुरे, चकल्या ठेवायला ठीक, पण गरम काही ओतलं की आकसतं. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण 160 अंशांना वितळतं, त्यामुळे गरम भाजीने त्याचं काही बिघडत नाही.

काका विचारात पडले. “म्हणजे पहिला आलेला कढत आमटीला टिकत नाही, आणि पाचवा आलेला टिकतो. मग ही परीक्षा घेतली कोणी?”

“परीक्षा नाही हो काका. हे क्रमांक 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ठरवले. कचऱ्यातलं प्लॅस्टिक निवडणाऱ्यांना कळावं, कुठलं कुठल्या ढिगात टाकायचं, म्हणून.”

“म्हणजे हा भंगारवाल्याचा नंबर?”

“तसंच काहीसं.”

“म्हणजे डबा घरी न्यायच्या आधीच तुम्ही तो भंगारात कुठे जाणार ते बघताय?”

चाळणी पुन्हा वर गेली. मला राग आला तो काकांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून. त्या त्रिकोणातला आकडा फक्त जात सांगतो. चारित्र्याबद्दल त्यात काही नसतं. त्याच पाच नंबराच्या प्लॅस्टिकची बादलीही होते आणि खुर्चीही होते, आणि खुर्चीत कोणी आमटी ठेवत नाही.

एक बाई पुढे सरकल्या. “अहो, ह्याच्यावर सात आहे. सात म्हणजे?”

“सात म्हणजे इतर.”

“इतर म्हणजे काय?”

“पहिल्या सहांत न बसणारं सगळं.”

“आमच्या सोसायटीच्या बिलातही ‘इतर’ असतं,” काका म्हणाले. “सगळ्यात मोठी रक्कम तिथेच दडवलेली असते.”

हे वाक्य मी एखाद्या शास्त्रज्ञाच्या तोंडी घातलं असतं तरी शोभलं असतं. कारण पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक ह्याच ‘इतर’मध्ये येतं, आणि ज्या बीपीए नावाच्या रसायनाचा एवढा गवगवा झाला ते पॉलिकार्बोनेट बनवायलाच लागतं. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीसाठी पॉलिकार्बोनेट चालणार नाही, असं मानकात 2015 मध्ये आलं. पण बाळ मोठं होऊन डबा न्यायला लागलं की ‘इतर’ म्हणजे नेमकं काय, हे विचारायला त्याने दुकानदाराकडेच जायचं. वर मौज अशी, की दुकानात पाच नंबरच्या डब्यांवर ‘बीपीए फ्री’ असं चकचकीत लेबल होतं आणि त्या लेबलाचे पैसे वेगळे होते. पॉलिप्रॉपिलीन बनवायला बीपीए लागतच नाही. शेंगदाण्याच्या लाडवावर ‘यात बोंबील नाहीत’ असं छापून जास्त पैसे घ्यावेत, तसला प्रकार.

“पण फूड ग्रेड आहे ना हा?” मी दुकानदाराला शेवटचं विचारलं.

तो काही बोलला नाही. त्याने डबा जमिनीवर उलटा ठेवला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय जुळवून डब्यावर उभा राहिला. गल्ल्यामागे तो आधीच माझ्यापेक्षा उंच वाटत होता, आता पुतळ्यासारखा दिसायला लागला.

“बघा! आहे का दुसऱ्या कुठल्या डब्यात दम?”

मला त्यात पोहे ठेवायचे होते. डब्यावर चढून पंखा पुसायचा नव्हता. पण दुकानातल्या जनतेला हा पुरावा पटला. काकांनी टाळी वाजवली. दोन बायकांनी तोच डबा मागितला. मग एक आजी म्हणाल्या, “बाळा, तुला त्यातलं कळतंय तर माझा पण बघ, चष्मा आणला नाही,” आणि बघता बघता माझ्यापुढे उलट्या डब्यांची रांग लागली. मी नंबर वाचत होतो, काका ते मोठ्याने पुकारत होते आणि दुकानदार बिलं फाडत होता. एवढी विक्री करून दिली, पण माझ्या बिलात त्याने दहा रुपयेही सोडले नाहीत. “फिक्स रेट आहे, साहेब.”

आता जरा चिडूनच लिहितो. अन्नाला लागणाऱ्या वेष्टनांसाठी देशात 2018 चे नियम आहेत. प्लॅस्टिकमधून एक किलो अन्नात सगळं मिळून 60 मिलिग्रॅमपर्यंत पदार्थ उतरला तर चालतो, अशी मर्यादा त्यात आहे. म्हणजे थोडं काहीतरी उतरणारच, हे सरकारनेही धरलेलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते मोजलं जातं प्रयोगशाळेत, आणि माझ्याकडे आहे एक नख. गिऱ्हाइकाने नखाने स्टिकर खरवडावं, चष्मा कपाळावर चढवावा, रसायनशास्त्र आठवावं, आणि वर पत्रिकेवरून टोमणे खावेत. मोठ्या अक्षरात ‘यात गरम ठेवू नका’ एवढं छापायला कोणाचे हात धरलेत? ‘मायक्रोवेव्ह सेफ’ मात्र मोठ्या अक्षरात असतं. त्याचा सरळ अर्थ, डबा सेफ आहे. वितळणार नाही, वाकडा होणार नाही. आतल्या उसळीची आणि ती खाणाऱ्याची चौकशी त्या दोन शब्दांत नाही.

आणि एवढं सगळं करून घरात पाच नंबर आणणारे आपण ऑफिसात काय करतो? उकळता चहा पातळ पिशवीत, गाठ मारून, चौथ्या मजल्यावर. राज्यात प्लॅस्टिकबंदी 2018 च्या जूनमध्ये लागू झाली, पण चहाच्या पिशवीपर्यंत ती अजून जिना चढून आलेली दिसत नाही. रविवारी हॉटेलातून सांबार येतं तेही तसंच, हात लावला तर चटका बसेल असं. त्या पिशवीचं बूड बघायला तिला बूडच नसतं.

शहाण्यांवर विसंबावं, तर त्यांचंही काही खरं नाही. 2024 मध्ये अमेरिकेत काळ्या प्लॅस्टिकच्या कालथ्या-झाऱ्यांवर एक अभ्यास निघाला. जुन्या टीव्ही-संगणकांच्या भंगारातली, आग रोखणारी रसायनं त्यात सापडली म्हणे. आमच्याकडे ती बातमी आली त्याच संध्याकाळी काळा कालथा कचऱ्यात गेला. पुढे कळलं, की सुरक्षित मर्यादा काढताना अभ्यासकांनी 7,000 गुणिले 60 बरोबर 42,000 केले होते. उत्तर 4,20,000. आमच्या मराठी शाळेत असल्या एका शून्यासाठी बाकावर उभं करायचे. रसायनं सापडली हे खरंच होतं. भीती मात्र दहापट फुगली होती. पण तोवर घंटागाडी आमचा कालथा घेऊन गेली होती आणि नवा लाकडी आणायला पुन्हा मलाच पिटाळलं.

खरं तर इतकं फिरायची गरज नव्हती. आमच्या फडताळात श्रीखंडाचे रिकामे डबे एकात एक बसवून छताला टेकलेत. परवा घरी आल्यावर सहज एक उलटा केला. पाच नंबर! अन्नासाठीच बनवलेला, वर आतलं श्रीखंड खायला मिळालेलं. मी हे मोठ्या आनंदाने जाहीर केलं, तेव्हा ही म्हणाली, “पाहुण्यांपुढे श्रीखंडाच्या डब्यातून चिवडा काढू का?” हा मुद्दा कुठल्याच नियमात नाही, त्यामुळे मी गप्प बसलो.

तिने नवे डबे ओट्यावर मांडले, एकेक उलटा केला, पाच बघून मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. मग तिने झाकण उलटं केलं.

“ह्याच्यावर चार आहे.”

“झाकणं मऊ लागतात ना, म्हणून वेगळ्या प्लॅस्टिकची करतात.”

“पण वाफ लागते ती झाकणालाच ना?”

पिशवीत बिल होतं. मागच्या बाजूला ठळक अक्षरात, बिनचष्म्याचं वाचता येईल असं छापलं होतं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.