खिरापत म्हणे!

सकाळी सातलाच ग्रुपवर तोच फॉरवर्ड. वर गुलाबाचं फूल, खाली लाल अक्षरांत: 'भूतानला 2,150 कोटींची खिरापत, आणि बेळगावच्या रस्त्यांत खड्डे!' पाठोपाठ अकरा अंगठे.

अहो, खिरापत हातावर ठेवतात, खाऊन मोकळं व्हायचं. 2025-26 च्या बजेटमधल्या त्या आकड्यात अनुदानाबरोबर कर्जही आहे. कर्ज फेडायचं असतं, हे हप्त्यावर ट्रॅक्टर घेणाऱ्यांना सांगायला लागतंय? भूतानचा चुखा जलविद्युत प्रकल्प बघा, आपल्याच पैशातला, 336 मेगावॅट. 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज. तिथं उरलेली वीज आपणच विकत घेतो.

बांगलादेशाचं तर विचारूच नका. 2010, 2016, 2017, अशी आपण दिलेली तीन कर्जं, मिळून सात अब्ज डॉलरच्या वर. रुपया ढाक्याला जातच नाही हो! तिथलं सरकार प्रकल्प सुचवणार, दिल्ली मंजूर करणार, टेंडर भारतीय कंपन्यांनाच, आणि बिल बघून आपल्या सरकारची एक्झिम बँक थेट ठेकेदाराला पैसे देणार. वर 75 टक्के माल भारतातलाच हवा. नडलं तर 10 टक्के सूट, तीही अर्ज करून. आता रस्त्याच्या कामाला वाळू, विटा, मजूर तिथलेच स्वस्त, पण मोजून वापरायचे! मग टेंडरला मोजक्याच कंपन्या, दर चढे, फाइल परत दिल्लीला. निम्मीसुद्धा उचल झाली नाही. चिडायचं तर यावर चिडा की!

म्यानमारच्या कलादान प्रकल्पावर मात्र कुणाचा फॉरवर्ड नाही. कोलकात्याहून समुद्रानं सित्वे, तिथून कलादान नदीनं पलेटवा, पुढं रस्त्यानं मिझोराम, अशी ही वाट. करार 2008 चा. सित्वे बंदरात कोलकात्याचं जहाज लागलं मे 2023 मध्ये. पलेटवा ते मिझोरामच्या सीमेवरचं झोरिनपुई हा 109 किलोमीटरचा रस्ता रखडलेलाच, आणि 2024 मध्ये पलेटवाच अराकान आर्मी या तिथल्या बंडखोरांनी घेतलं. बंदर आहे, नदी आहे, पुढं वाट नाही. भूतानात पुनात्सांगछू-1 या जलविद्युत प्रकल्पाचा उजवा डोंगर 2013 मध्ये सरकला, खर्च 3,514 कोटींवरून 9,000 कोटींच्या वर. असल्या प्रकल्पांनाच 'मास्टरस्ट्रोक' म्हणणारे आणखी वेगळे. त्या शब्दावर जकात बसवायला पाहिजे.

हे सगळं अंगठ्यानं टाईप करून ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, 'मामा, चहा झाला का?' झाला नव्हता, हेही खरं.

आणि परदेश कशाला? बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्ग, 73 किलोमीटर, 2020 मध्ये मंजूर. मधे ना अराकान आर्मी, ना सरकणारा डोंगर. गाडी अजून लोंढ्यामार्गे वळसा घेऊनच धारवाडला जातेय.