बगळा वरून का टाचलाय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बादशाही चीनमधल्या अधिकाऱ्यांच्या छातीवरचा, हुद्दा दाखवणारा भरतकामाचा एक चौकोन माझ्याकडे आहे; त्याचा फोटो मागच्या लेखात टाकला होता. तुमचं म्हणणं असं की चौकोन मधोमध कापलाय आणि बगळा वेगळा भरून वरून टाचलाय, म्हणजे विकणाऱ्यानं मला गंडवलं.

कापलेला नाहीये हो. छिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, काळातला दरबारी डगला समोरून उघडा असे, म्हणून छातीवरचा चौकोन दोन भागांतच करत. पाठीवरचा अखंड. बगळाही त्यामुळे पोटातून दुभागलेला.

टाचण्याबद्दल जरा सविस्तर. कुठल्या श्रेणीला कुठलं चिन्ह, हे छिंगांच्या आधीच्या मिंग घराण्याच्या दरबारानं १३९१ मध्ये ठरवलं. छिंगांनी १६५२ मध्ये स्वतःचे नियम केले. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना पशू. पहिल्या श्रेणीला क्रौंच, सहावीला बगळा, आठवीला लावा. पण हुकूम दरबाराचा आणि खर्च ज्याचा त्याचा! चौकोन अधिकाऱ्यानं स्वतः करवून घ्यायचा. (‘बादशहा बहाल करत असे’ असं मी लिहिलं होतं, ती माझी चूक. दुरुस्त केली.) एकोणिसाव्या शतकात छिंगांविरुद्धचं ताइपिंग बंड मोडण्याचा खर्च भागवायला हुद्दे आणि पदव्या सर्रास विकल्या गेल्या. मग ढग, लाटा, सूर्य आधीच भरून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाच्या श्रेणीचा पक्षी वरून टाचायचा, हे ओघानं आलं. बढती मिळाली की बगळा उसवायचा, दुसरा पक्षी लावायचा.

तरी तुमची शंका फोल नाही. पक्षी मागाहूनही बदलता येतो. म्हणून काल भिंग घेऊन बसले. बगळ्याच्या कडेबाहेर जुन्या सुईची भोकं नाहीत. एका पंखाची शिवण सुटलीये, तिथून डोकावलं तर आतलं साटीन गडद निळं आणि बाहेरचं विटून राखाडी. गडद भाग बरोबर पंखाच्या आकाराचा. म्हणजे कापड विटत होतं तेव्हा हाच बगळा तिथे बसलेला होता.

राहता राहिला ‘निषिद्ध टाका’. तो घालताना कारागीर आंधळे होत म्हणून त्यावर बंदी आली, ही गोष्ट लेखात हवी होती असं तुम्ही म्हणता. नको. ती विक्रेत्यांची दंतकथा. दोरा सुईभोवती गुंडाळून घातलेला गाठीचा टाका तो, पारशी गारा साड्यांवरही दिसतो. आपल्या फ्रेंच नॉटचा जवळचा नातेवाईक. डोळे दुखतात, हे मात्र खरं. मी चार फुलं भरून नाद सोडला.