डॉक्टरांना कॉम्प्युटर नको होता म्हणे!

आज पुन्हा तेच वाचलं: ओपीडीत कॉम्प्युटर रखडला तो डॉक्टरांच्या हट्टापायी. डोकंच फिरलं.

अहो, बोस्टनमध्ये १९६९ च्या सुमारास ‘कॉस्टार’ या रुग्णनोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचं काम सुरू झालं, तेही खास बाह्यरुग्णांसाठी. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेनं हार्वर्ड कम्युनिटी हेल्थ प्लॅनसाठी ते बांधलं. डॉक्टरांनी टाइप करायचंच नव्हतं! हातात छापील फॉर्म. निदान, तपासणी, औषध यांवर पेनानं खुणा करायच्या, वर दोन ओळी लिहायच्या. संगणकात भरायचं काम क्लार्कचं. पुढच्या भेटीला रुग्णाचा छापील गोषवारा तयार. ही प्रणाली लिहिली होती मम्प्स या संगणकभाषेत. जे नोंदलंच नाही त्यासाठी ती जागा अडवत नाही, आणि ओपीडीच्या केसपेपरवर बहुतेक रकाने रिकामेच असतात.

हो, एकच माहिती दोनदा लिहिली जाते, क्लार्कच्या चुका होतात. मान्य. पुढे.

खरी गंमत घशाच्या कल्चरची, म्हणजे घशातल्या जंतूंच्या तपासणीची. अहवालात स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू निघाला आणि उपचाराची नोंद सापडली नाही, की कॉस्टार त्या डॉक्टरला विचारणा पाठवायचं. पाठपुरावा सुधारला. मग विचारणा थांबवली, तर गाडी पुन्हा मूळ पदावर! डॉक्टर तेच, ज्ञान तेच. बार्नेट यांनी हे १९७८ मध्ये छापलं. त्याआधी १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या क्लेमेंट मॅकडोनल्ड यांनी दाखवलं होतं: संगणकानं सुचवलं तेव्हा लक्ष द्यायला हवं अशा ५१ टक्के प्रसंगांत डॉक्टरांनी दखल घेतली, न सुचवता २२ टक्के. याला हट्ट म्हणायचं? माणूस दिवसभर रुग्ण बघून थकतो हो. त्याला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते, एवढंच.

पण ही आठवण फुकट मिळत नाही, आणि इथेच आजचे सॉफ्टवेअर विक्रेते गप्प बसतात. घशाचा अहवाल यंत्राला ‘पॉझिटिव्ह’ म्हणून कळला, कारण तो कोडमध्ये, म्हणजे यादीतल्या ठरावीक सांकेतिक शब्दात होता. डॉक्टरनं ‘घसा लाल, गोळ्या दिल्या’ असं मोकळं लिहिलं तर यंत्राच्या लेखी उपचार झालेलाच नाही. विचारणा उगाच जाणार. अशा खोट्या विचारणा वाढल्या की डॉक्टर खऱ्याही न वाचता बाजूला सारतो. क्लार्ककडे फॉर्म साचले तरी तेच. गोषवारा शिळा, आणि शिळ्या गोषवाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून कोडची यादी सतत राखावी लागते. ‘इतर’ या रकान्यात काय काय पडतंय ते दर महिन्याला कुणीतरी बसून वाचायचं, वारंवार येणाऱ्याला कोड द्यायचा, महिनोन्‌महिने कुणी न वापरलेला फॉर्मवरून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, बजेटमध्ये त्याला ओळ नसते. डॉक्टरांसमोर कीबोर्ड सरकवून क्लार्कचा पगार वाचवणाऱ्यांना ते दिसतही नाही. आणि वर हट्टी कोण, तर म्हणे डॉक्टर!