घरबसल्या पिच्चरची पिसं काढताना

नवा पिच्चर ओटीटीवर आला म्हणजे तुमचं मत जाहीर करायची वेळ झाली. मल्टिप्लेक्सवाले हिंदी पिच्चरला थिएटर आणि ओटीटीमध्ये साधारण ८ आठवड्यांचं अंतर ठेवायला लावतात. न पाहता मत पक्कं करायला तेवढे दिवस पुरतात. आता फक्त पुरावे गोळा करायचे.

त्यासाठी नागपुरातली मे महिन्यातली दुपार उत्तम. पारा ४५ वर, खिडकीतला कूलर फुल स्पीडवर, आणि टीव्हीचे ते खाली तोंड करून बसलेले दोन स्पीकर. ऑडिओ ५.१ वरच असू द्या. सहा चॅनेलचा आवाज दोन स्पीकरांत कोंबला की मधल्या चॅनेलचे संवाद दबतात आणि धुमधडाका तेवढा उरतो. संवाद नाही ऐकू आले की आवाज वाढवा, मारामारी सुरू झाली की धावत कमी करा. सेटिंगमध्ये दोन स्पीकरांसाठीचा स्टिरिओ ट्रॅक असतो, पण तो लावला आणि सगळं नीट ऐकू आलं, तर "साउंड एकदम भंगार आहे बे" हे कोणत्या तोंडाने म्हणाल?

टीव्हीतलं मोशन स्मूदनिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) घेतल्या दिवसापासून चालू आहे, तसंच राहू द्या. पिच्चर सेकंदाला २४ फ्रेमचा; मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच्या मनाने घालतो आणि युद्धाचा सीनसुद्धा सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. मग "सिरियलसारखं शूट केलंय" म्हणायला मोकळे. टीव्हीतल्या फिल्ममेकर मोडच्या नादी लागू नका, तो हे सगळं एका फटक्यात बंद करतो.

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की झूम दाबाच. पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत! २.३९:१ चा (रुंदी:उंची) पिच्चर १६:९ पडद्यावर असा भरला की दोन्ही बाजू मिळून चौथा हिस्सा कापला जातो. डाव्या कडेला उभा खुनी त्यात गेला, तर "शेवट कुठून आला काहीच कळत नाही" हे मत आपोआप तयार.

वेळ नसेल तर १.५ स्पीड लावा. अडीच तासांचा पिच्चर १०० मिनिटांत उरकतो. हिरो बापाच्या फोटोपुढे चार सेकंद गप्प उभा राहतो, ते चार सेकंदही तीनच्या आत उरकतात. वर "इमोशनल कनेक्ट नाही" म्हणायचं.

मल्याळम पिच्चर असेल तर ॲप कधी कधी हिंदी डबिंगवरच सुरू होतं. तसाच पाहा आणि अभिनय कृत्रिम ठरवा. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मात्र "साउथवाले काय बनवतात राजा, आपल्याले जमतच नाही" असंच सांगायचं. कोणी विचारलंच, "ओरिजनल भाषेत पाहिला का?", तर प्लेट पुढे करून तर्री मागा.