वजनाचा माल

लोहारकामाला लागतं काय? विस्तव, हातोडा आणि ज्यावर ठोकायचं ती कठीण वस्तू. विस्तव ओवळ्याला मावसभावाच्या बंद पडलेल्या गोठ्यात पेटवायचा ठरला, कारण घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बाल्कनीत कुंडी टांगायलाही कमिटीची परवानगी लागते. हातोडा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. राहिली ऐरण. वर्तमानपत्रांत रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला असतो. एवढ्या प्रश्नांना पुरणाऱ्या ऐरणी ठेवतात कुठे, हे मात्र कोणी छापत नाही.

नव्यातली स्वस्त ऐरण बहुधा बिडाची असते. बीड ठिसूळ, जोरात घाव बसला की टवका उडायचा. चांगल्या पोलादी ऐरणीची किंमत बायकोला सांगण्यासारखी नव्हती. म्हणजे जुनीच शोधायची. एक मित्र म्हणाला, लोहार चाळीत जा. गेलो. काळबादेवीतल्या त्या गल्ल्यांत वायर मिळते, स्विच मिळतात, झुंबरं मिळतात. लोहार सोडून सगळं आहे.

मग कोणीतरी सांगितलं, रुळाचा तुकडा बघ. ज्या ठाण्यात १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, तिथे हातभर रूळ मिळायला हरकत नव्हती. पोलाद उत्तम, आणि मीटरला ६० किलोवाला रूळ असेल तर फूटभर तुकडाच १८ किलोंचा भरतो. पण रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ असा एक कायदा आहे. माल चोरीचा असल्याचा संशय आला, तर तो आपल्याकडे रीतसर आला हे आपणच सिद्ध करायचं, नाहीतर पाच वर्षांपर्यंत कैद. तुरुंगात लोहारकाम शिकवण्याची खात्री असती तर विचार केला असता.

शेवटी शीळफाटा. तिकडच्या एका भंगाराच्या गोडाऊनमध्ये शिरलो आणि डोळे निवले. ट्रकच्या कमानीचे पाटे, दातपडके गिअर, दवाखान्यातली खाट, आणि या सगळ्याच्या तळाशी नाक वर काढून बसलेली ऐरण! मालक फोनवर बोलता बोलता म्हणाला, "ले लो, वजन पे."

आता ऐरण पारखायची रीत अशी: बेअरिंगमधला एक पोलादी छर्रा खिशातून न्यायचा आणि वीतभर उंचीवरून तिच्या माथ्यावर सोडायचा. माथा कडक असेल तर छर्रा बहुतेक सगळी उंची परत गाठतो. नरम असेल तर मध्येच दम सोडतो. माझा छर्रा टणकन उसळून जवळजवळ हातात परत आला. मी हसलो. मालकाने फोन बंद केला.

"साब, ये वजन का माल नहीं है. ये पीस है. ब्रिटिश जमाने का."

ऐरणीवर ब्रिटिशांची कसलीही खूण नव्हती. पण भंगाराच्या धंद्यात भाव मालावर नसतो, गिऱ्हाइकाच्या भुवईवर असतो. ती जराशी वर गेली की किलोचा नग होतो. वर तो नळाचा एक जुना पाइप मला फुकट द्यायला निघाला. तो मी घेतला नाही. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत गेलं की जस्ताचा धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पुढच्या वेळी बायकोला नेलं. लोखंड या विषयाचा तिला मनापासून कंटाळा असल्यामुळे तिचा चेहरा या कामाला आदर्श होता. ती आत गेली, ऐरणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि कोपऱ्यातला तांब्याचा बंब बघून ओरडली, "अय्या, आजीकडे अगदी असाच होता!"

"पीस है, मॅडम," मालक म्हणाला.

ऐरण राहिली. बंब घरी आला.

तोडगा सापडला तो माजिवड्याच्या पुढे सर्व्हिस रोडला. तिथे एक जोडपं कोयते, विळे करत बसलं होतं. सांडशी नवऱ्याच्या हातात, घण बायकोच्या. तो लहान हातोडीने जागा दाखवायचा आणि तिचा घण नेमका तिथेच पडायचा. खाली ऐरण म्हणाल तर जमिनीत रोवलेलं मुठीएवढं लोखंड.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

"मिळत नसते. बापाची आहे."

घण खाली न ठेवता बाईंनी विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?"

"पोस्टात होते."

"मग शिक्के मारा की, भाऊ. हे कशाला?"

नवऱ्याला मात्र दया आली असावी. म्हणाला, "गाडीचा शाफ्ट बघा. जाड, हातभर. ओंडक्यात अर्धा गाडायचा. दिसायला काही नाही, म्हणून वजनावर देतील."

दिला वजनावरच. गोठ्यात भट्टी पेटली. भात्याच्या जागी बायकोचा हेअर ड्रायर, कोळसा कणसं भाजणाऱ्यांकडून आणलेला. सळई विस्तवातून काढताना पिवळी असते, ऐरणीवर ठेवेपर्यंत नारिंगी होते, आणि हातोडा कुठे ठेवला ते आठवेपर्यंत काळी. काळ्या सळईवर कितीही ठोका, वाकतो तो आपला खांदा. बऱ्याच रविवारांनी एक आकडा तयार झाला. पिशवी अडकवावी असा, शेवटी छोटी वेटोळी असलेला.

कमानीचा पाटा आणायला परत शीळफाट्याला गेलो तेव्हा तो मुद्दाम खिशात ठेवला होता. मालकाने हातात घेतला, उलटसुलट केला, वेटोळीवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, "मैंने बनाया." आणि त्याच्या तोंडून तो एक शब्द निघायची वाट बघत उभा राहिलो.

त्याने आकडा काट्यावर टाकला.

"तीन सौ ग्राम. दस रुपया. देना है?"