तुर्की लोकगीतं रडकी? कोण म्हणतं?

तुर्की मालिकांच्या चाहत्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. तुर्की लोकसंगीत म्हणजे प्रेमभंगाचं रडगाणं, दुःख त्यांच्या ‘मायनर’ (पाश्चात्त्य संगीतात उदास मानल्या जाणाऱ्या) सुरांतच आहे, आणि सगळं दैवावर सोडणाऱ्यांकडून वेगळं काय येणार! उदाहरण म्हणून नाव दिलंय ओरहान गेन्जेबायचं.

ते उदाहरणच चुकलं. गेन्जेबाय हे ‘अराबेस्क’मधलं मोठं नाव. ते लोकसंगीत नव्हे; १९६०नंतर शहरांत वाढलेलं हे संगीत सरकारी प्रसारणाने कित्येक वर्षं दूर ठेवलं होतं.

‘मायनर’चा हिशोब पियानोवाल्यांचा. बाल्लामा या तंतुवाद्याचे पडदे दांडीला बांधलेले असतात, त्यावर पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वरही निघतात. हुसेनी या मकामात (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) विलाप आहेत तशी लग्नात साखळी धरून नाचायची गाणीही आहेत. मग दुःख नुसत्या स्वरांत कसं असेल?

आता प्रेमभंग. प्रेमाची गाणी भरपूर आहेत, कोण नाही म्हणतं? पण येमेनच्या मोहिमेवर गेलेल्या आणि परत न आलेल्या उस्मानी (ऑटोमन) शिपायांची गाणी आजही गायली जातात. मयतावर बायका रचून गातात ते विलाप वेगळेच. कादंबरीकार यशार केमाल यांचं १९४३ सालचं पहिलं पुस्तक अशा विलापांचंच संकलन होतं. पुढे ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीशी कामगार-करार झाला, गावंच्या गावं कारखान्यांकडे निघाली आणि घरापासून दूर परक्या मुलखात राहण्याच्या जुन्या गाण्यांत रेल्वे आणि पत्रं आली. किर्शेहिरचे लोकगायक नेशेत एर्ताशही जर्मनीत वर्षानुवर्षं राहिले. त्यांचा ‘बोझलाक’ हा गाण्याचा प्रकार एकदा ऐकाच: ताल नाही, सुरुवातच वरच्या पट्टीतल्या आरोळीने, आणि मग सूर पायरीपायरीने खाली येतो. याला रडगाणं म्हणणाऱ्याने दोन मिनिटंही ऐकलेलं नसावं.

राहिलं दैव. १८६५मध्ये उस्मानी सरकारने दक्षिणेकडच्या चुकुरोवा भागातल्या भटक्या टोळ्यांना सक्तीने वसवण्यासाठी फौज धाडली. अवशार टोळीचा कवी दादालोलू याने त्यावर जे रचलं त्याचा आशय असा: फर्मान पातशहाचं असेल, डोंगर आमचे आहेत. हे दैवाला शरण जाणं असेल, तर बंडाला काय म्हणणार?