मस्टर, ड्युटी आणि 'विधवांची माणसं': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कॅप्टनसाहेब,

'व्हिक्टरीचं मस्टर' या, ब्रिटिश नौदलातल्या 'व्हिक्टरी' जहाजावरच्या माणसांच्या हजेरीवहीवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे. सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमचे आक्षेप तीन. एक, मस्टर हा पगाराचा आणि शिध्याचा कागद. त्याला मी 'कोण काय काम करत होता याची नोंद' म्हटलं, ते साफ चूक. दोन, १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनच्या या जहाजावर 'दोन भारतीय खलाशी होते' हे वाक्य मी भावनेच्या भरात लिहिलं. तीन, ही वही पर्सरच्या, म्हणजे जहाजावरचा शिधा-कपड्यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या हातातली, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तिच्यावर भरवसा कसला ठेवता?

पहिला आक्षेप मान्य. मी 'मस्टर' हा शब्द आपल्या कचेरीतल्या अर्थाने वापरला आणि फसलो. माणसाची ड्युटी मस्टरमध्ये नसायचीच. तिथे असायचं नाव, अनुक्रमांक, जहाजावर कधी आला, स्वखुशीने आला की पकडून आणला, आणि दर्जा: एबल सीमन (मुरलेला खलाशी), ऑर्डिनरी (थोडाफार शिकलेला) की लँडमन (अगदी नवखा). १७६४ पासून वय आणि जन्मस्थानही. दर्जावरून पगार कळतो, माणूस डोलकाठीवर होता की खाली दोर ओढत होता हे कळत नाही. ते असायचं वॉच बिल, स्टेशन बिल आणि क्वार्टर बिल या याद्यांत, आणि त्या फर्स्ट लेफ्टनंटच्या, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या मुख्य अधिकाऱ्याच्या ताब्यात. कोणता माणूस कोणत्या पाळीत, नांगर उचलताना कुठे उभा, शिडं आवरताना कुठे, लढाईत कोणत्या तोफेवर. शत्रूच्या जहाजावर उडी घ्यायची वेळ आली तर त्याच तोफेवरचे कोणते जण जाणार, आग लागली तर कोणते, पंपावर कोणते. एकाच माणसाच्या नावापुढे पाच-सहा कामं. सुतार, आचारी, शिडं शिवणारा यांना रात्रपाळी नसे, म्हणून त्यांना 'आयडलर' म्हणत. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आळशी म्हणणारा शब्द कोणी काढला असेल तो काढो.

मग मी मस्टरकडे का गेलो? कारण ते उरलं. कोणी आजारी पडला, कोणी मेला की ड्युटीची यादी बदलायची, आणि हिशेबासाठी ती लंडनला पाठवावी लागत नसे. काही अधिकाऱ्यांच्या खासगी कागदांत अशा याद्या सापडतात, तेवढ्याच. ज्या कागदावर पैसे अवलंबून, तो मात्र दोनशे वर्षं कपाटात नीट राहिला. हे मला लेखातच सांगायला हवं होतं.

दुसरा आक्षेपही मान्य, अर्धा नव्हे पूर्ण. व्हिक्टरीच्या सुमारे ८२० माणसांच्या जन्मस्थानांची जी यादी सर्वत्र फिरते, तिच्यात २२ अमेरिकन आणि २ भारतीय दिसतात. पण तो रकाना जन्मस्थानाचा आहे. कारकुनाने विचारलं, माणसाने सांगितलं, कानाला ऐकू आलं ते लिहिलं. मद्रासेत जन्मलेला गोऱ्या शिपायाचा मुलगाही त्यात 'भारतीय' ठरेल. ते दोघे कोण होते हे त्या रकान्यावरून ठरत नाही. लेखातलं वाक्य आता 'हिंदुस्थानात जन्मलेले दोघे' असं केलं आहे.

तिसऱ्यावर मात्र मी ऐकणार नाही. माझी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत गेली, त्यातली बरीचशी रस्त्यांच्या कामाच्या मस्टरवर. खोटी नावं कशी घुसतात हे मला नव्याने शिकायला नको. ज्या मजुराचं तोंड कोणी पाहिलं नाही त्याचा अंगठा मी पाहिलेला आहे. म्हणूनच सांगतो, खोटेपणा शोधायचा तर आधी पडताळणी कुठे होती ते बघावं. व्हिक्टरीच्या वहीवर पर्सरची एकट्याची सही चालत नसे. कप्तान, मास्टर (जहाजाची दिशा सांभाळणारा) आणि बोसन (दोर-शिडांवर देखरेख करणारा) हेही सही करत. जहाज गोदीत आलं की गोदीचा वेगळा कारकून डेकवर येऊन माणसं मोजून जाई. आणि वह्या मंजूर झाल्याशिवाय कप्तानाचा स्वतःचा पगार अडे. आमच्याकडे साहेबाचा पगार मस्टरला बांधलेला असता तर निम्मे अंगठे गायब झाले असते.

गंमत अशी की मस्टरमधली सगळ्यात उघड खोटी नावं सरकारनेच घातलेली होती. 'विडोज मेन', विधवांची माणसं. दर शंभर माणसांमागे एक-दोन नावं अशी, की तो खलाशी अस्तित्वातच नाही. त्याचा पगार निघायचा आणि नौदल अधिकाऱ्यांच्या विधवांच्या फंडात जायचा. जहाजावरची माणसं मोजताना ही नावं वजा करावी लागतात. तुम्ही यावर बोट ठेवलं असतं तर मला घाम फुटला असता!

पर्सर धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. कपडे, तंबाखू यांची वजावट त्याच वहीत व्हायची आणि मेलेल्या खलाशाचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात निघाले की विकत घेणाऱ्याच्या पगारातून कापले जायचे. पण नावापुढच्या खुणा बघा. 'डी' म्हणजे उतरवला, 'डीडी' म्हणजे मेला, 'आर' म्हणजे पळाला. 'आर' लागला की साठलेला पगार बुडाला. एका अक्षराने घर बसायचं, म्हणून लोक अर्ज करून ते अक्षर काढून घ्यायचे. कोणी पाहतच नाही अशा वहीतल्या अक्षरासाठी कोणी अर्ज करत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की मुंबईतच बांधलेल्या 'ट्रिंकोमली' या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाबद्दल का लिहीत नाही. लिहिणार आहे. फक्त अडचण ऐका. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानाचं हे जहाज १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या गोदीत पाण्यात सोडलं, १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोचलं, आणि तिथे कामाविना पडून राहिलं. रीतसर सेवेत यायला १८४७ उजाडलं. तोवर पाळ्या लावायला माणसंच नव्हती. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे. तुमचं तिकडे कधी जाणं झालं असेल तर डेकचे फोटो पाठवा, लेखात तुमच्या नावाने टाकतो.